माक्याचे तेल आणि साक्षीपुरावा

डोक्याच्या त्वचेवरील घरगुती वनौषधींचे कैवारी प्रथम सुश्रुतसंहितेचा दाखला पुढे करतात, आणि तीत क्षुद्ररोगांच्या प्रकरणी इंद्रलुप्त, दारुणक व अरुंषिका यांची लक्षणे नोंदलेली आहेत हे खरेही आहे. परंतु लक्षणे अचूक टिपली म्हणून त्यांवरचा लेपही अचूक ठरतो, हे अनुमान कोणत्या न्यायाने निघते ते मात्र सांगितले जात नाही. शिवाय इंद्रलुप्त, म्हणजे आपली चाई, ही साक्षीला उभी करण्यास अत्यंत बेभरवशाची व्याधी. तिचे लहान चट्टे पुष्कळदा काही महिन्यांत आपोआप भरून येतात, आणि श्रेय त्या वेळी चोळलेल्या पाल्याच्या पदरात पडते.

तथापि एवढ्यावरून झाडपाला सरसकट खारीज करणाऱ्यांचा उतावळेपणाही मला मान्य नाही. १९९८ साली स्कॉटलंडमधील ॲबर्डीन येथे चाईच्या ८६ रुग्णांपैकी काहींना थाइम, रोझमेरी, लव्हेंडर व सीडर यांची सुगंधी तेले घातलेले, तर इतरांना नुसते वाहक तेल देऊन, कोणाला काय दिले याचा पत्ता रुग्णांस वा परीक्षकांस लागू न देता, सात महिने मर्दन करविले. पहिल्या गटात ४४ टक्क्यांना गुण आला, दुसऱ्यात १५ टक्क्यांना. हे १५ टक्के ज्याने वजा केले नाहीत, त्याच्या अनुभवाची किंमत किती? २००२ मध्ये बगदादच्या वैद्यांनी कांद्याच्या रसाने २३ पैकी २० जणांना केस आल्याचे, आणि नळाच्या पाण्याने १५ पैकी दोघांनाच आल्याचे नोंदविले. अंतर डोळे दिपविणारे, पण कोणाच्या डोक्याला कांदा लागला हे ओळखण्यास नाक पुरेसे होते, ही अडचण लहान नव्हे.

कोंड्याच्या बाबतीत तर आपली आवडती समजूतच तपासली पाहिजे. कोंड्याशी निगडित असलेले मालासेझिया नावाचे किण्व त्वचेवरील स्निग्धांशावर पोसते, म्हणून खोबरेल केसांतील प्रथिनांचा ऱ्हास रोखीत असले, तरी त्याच कारणाने ते कोंड्याचेही औषध ठरत नाही. उलट ऑस्ट्रेलियातील टी ट्री वृक्षाच्या ५ टक्के तेलाचा शांपू १२६ रुग्णांच्या परीक्षेत उतरला: चार आठवड्यांत सुधारणा ४१ टक्के, त्या तेलाविना ११.

माक्याच्या बाजूने आजवर मुख्यतः उंदरांचीच जबानी आहे. त्याचा निवाडा हवा असेल तर तोच तिळाचा घाणा, तोच रंग, तोच वास, आणि एका बाटलीत माका नाही, अशा दोन बाटल्या भरून परीक्षेला लागावे.