मांजरीला जाळीचं अंगण

कॅटिओ हा शब्द ऐकलाय का? नसेल तर काही बिघडत नाही. कॅट अधिक पॅटिओ बरोबर कॅटिओ. म्हणजे घराला लागून, बाजूंनी आणि वरूनही जाळी लावलेली खोलीवजा जागा. मांजर खिडकीतून तिथे जाते, उन्हात लोळते, चिमण्या बघून दात कटकटवते आणि परत घरात येते. बाहेरची हवा मिळते, बाहेरचं कुत्रं मिळत नाही. बस्स, एवढंच.

माझं म्हणणं असं, की अशा जागा बांधून द्यायचा छोटा धंदा यवतमाळ जिल्ह्यात चालू शकतो. पुण्यात चालेल म्हटलं तर कोणी काही बोलणार नाही, पुण्यात काहीही चालतं :) पण यवतमाळ म्हटलं की समोरचा आधी हसतो. कापूस, कोळसा, कर्ज आणि वाघ यापलीकडे आमच्या जिल्ह्याचं नाव पेपरात येत नाही. वाघांच्या बाबतीत तर आम्ही नशीबवान. २०१८ मध्ये राळेगावकडची अवनी, आणि २०१९ मध्ये टिपेश्वरहून निघून तेराशे किलोमीटरच्या वर चालत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचलेला तो पट्ठ्या. मोठ्या मांजरींवर इतकं लिहून झालंय, की लहान मांजरीवर एक लेख खपून जावा.

आधी प्रश्न नीट मांडतो. आपल्याकडे मांजर ‘पाळतात’ म्हणजे काय करतात? सकाळी दूध, रात्री पोळीचा तुकडा, आणि मधला सगळा वेळ ती तिची. गावात ते ठीक होतं, कारण मांजर धान्याच्या कोठीची राखणदार होती, घरातली मेंबर नव्हती. आता दारव्हा, पुसद, वणी, कुठेही जा, नव्या ले-आऊटमधल्या घरांत मांजर सोफ्यावर झोपते, तिचं खाणं पाकिटातून येतं, तिच्या वाढदिवसाचा स्टेटस असतो. पण दुपारी ती कंपाउंडच्या भिंतीवरून उडी मारते ती थेट १९८० सालातच. पलीकडे मोकाट कुत्र्यांची टोळी, रस्त्यावर टिप्पर, शेजारी उंदरांसाठी ठेवलेलं औषध. विष खाल्लेला उंदीर मांजरीने खाल्ला तर ते विष मांजरीला बाधू शकतं. जिल्ह्यात कीटकनाशक म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. २०१७ च्या हंगामात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसपेक्षा जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. माणसांची ही गत, तिथे ओलं पीक अंगाला घासून घरी येणारी आणि मग अंग चाटत बसणारी मांजर कोण मोजणार?

फ्लॅटवाल्यांचं दुखणं वेगळं, तिथे मांजर पडते. १९८७ साली न्यूयॉर्कच्या ॲनिमल मेडिकल सेंटरमधल्या डॉक्टरांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. उंचावरून पडलेल्या १३२ मांजरींपैकी सुमारे ९० टक्के वाचल्या. तेव्हापासून ‘मांजर कितीही उंचावरून पडली तरी पायावरच पडते’ हे लोक शास्त्र म्हणून सांगतात. अरे बाबांनो, हा आकडा दवाखान्यात आणलेल्या मांजरींचा आहे. ज्या खालीच संपल्या त्यांना दवाखान्यात कोण नेणार? (डेटा कुठून आला हे न विचारता ग्राफवर खूष होणारे लोक फक्त आमच्याच ऑफिसात आहेत असं मला वाटायचं.) पुण्या-मुंबईत यावर उपाय म्हणून कबुतरांची नायलॉन जाळी ठोकतात. ती कबुतर आत येऊ नये म्हणून आहे. मांजर नखं लावून तिच्यावर चढते, आणि दोन-तीन उन्हाळ्यांत ऊन खाऊन दोरा कुरकुरीत झाला की एक दिवस तो सुटतो.

आता धंद्याकडे येऊ. दारव्ह्याला माझ्या मामांचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. विदर्भातल्या अशा बऱ्याच वर्कशॉपचं वर्ष कूलरभोवती फिरतं. जानेवारीत पत्रा कापायला सुरुवात, मार्च-एप्रिलमध्ये जेवायला फुरसत नाही, आणि जूनचा पहिला पाऊस पडला की सगळं थंड. मग दिवाळीपर्यंत एखादं गेट, एखादी खिडकीची ग्रिल, नाहीतर ट्रॉलीचं तुटलेलं जोडून देणं. पावसाळ्यात बांधकामंही मंदावतात. मामेभाऊ तेवीस वर्षांचा आहे, आयटीआयचा वेल्डर. त्याच्या हाताला जी सफाई आहे ती मी नंतर फारशी कुठे पाहिली नाही. आणि तो चाकणला कंत्राटी कामावर जायचं म्हणतोय, कारण चार-पाच महिने घरी बसून खायला त्याला लाज वाटते. मला चाकणचं वावडं नाही, मीही गाव सोडूनच आलोय. पण तिथे तो मशीनला पार्ट लावेल आणि काढेल. इथे तो वस्तू बनवतो.

मामांना ही कल्पना सांगितली तेव्हा ते म्हणाले, “मांजरीले पिंजरा कायले पायजे बापा? तिले पोपट समजून रायला का तू?”

प्रश्न बरोबर आहे, आणि धंदा करायचा तर त्याचं उत्तर तयार पाहिजे. पिंजरा विकायचाच नाही. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ मध्ये स्पष्ट आहे, की प्राण्याला नीट हालचाल करता येणार नाही इतक्या अपुऱ्या उंची-लांबी-रुंदीच्या पिंजऱ्यात ठेवणं हा गुन्हा आहे. बाजारात मिळणाऱ्या तीन फुटी घडीच्या पिंजऱ्यात दिवसभर मांजर ठेवणारे लोक मला कुत्र्यांच्या टोळीपेक्षा बरे वाटत नाहीत. आपण द्यायचं ते अंगण. माणूस आत उभा राहून झाडू मारू शकेल एवढं, आत वेगवेगळ्या उंचीवर फळ्या, कारण मांजर जमिनीचे चौरस फूट मोजत नाही, ती उंची मोजते. आणि घरात परत जायची वाट कायम उघडी.

पण मांजरीचा स्वभावच हिंडायचा, तिला अडकवायचं हा अन्यायच नाही का? मला हा प्रश्न सोपा वाटत नाही. जन्मापासून बाहेर हिंडलेली चार वर्षांची बोकोबा जाळीत घालाल तर महिनाभर तो तुम्हाला शिव्याच देईल. पण लहानपणापासून आत वाढलेल्या पिल्लाचं तसं नसतं. ऑस्ट्रेलियात कॅनबेरामध्ये १ जुलै २०२२ नंतर जन्मलेल्या मांजरी मालकाच्या आवारातच ठेवायच्या असा नियम झाला. जुन्यांना बऱ्याच भागांत सूट, नव्यांना बंधन. मला हे शहाणपणाचं वाटतं. त्यांनी ते तिथल्या पक्ष्यांसाठी आणि छोट्या प्राण्यांसाठी केलं. आपल्याकडे खारी, सुगरणी आणि सरडे यांच्या बाजूने बोलणारं फारसं कोणी नाही, पण शिकार त्यांचीही होतेच. शिवाय नसबंदी आणि लसी आधी, जाळी नंतर. माजावर आलेली मांजर जाळीत ठेवाल तर अख्खं ले-आऊट रात्रभर जागं राहील आणि धंदा पहिल्याच आठवड्यात बदनाम होईल.

बनवायचं कसं, हा माझा आवडता भाग. परदेशातली डिझाइन्स जशीच्या तशी इथे चालणार नाहीत. तिथे लाकडी फ्रेम असते, इथे वाळवी तिची रांगोळी करेल. वर सुंदर पारदर्शक पत्रा असतो, आमच्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ ला जातो, त्या पत्र्याखाली मांजर भाजून निघेल. म्हणून छताला जाळीच, आणि तिच्यावर ग्रीन नेट. शक्य असेल तिथे जागा पूर्वेची, पश्चिमेच्या भिंतीला लावायचंच असेल तर त्या बाजूला बांबूची ताटी. छताची जाळी मजबूत हवी, कारण यवतमाळात वानरांचा कळप घरावरून जाताना हे काय नवीन म्हणून त्यावर उडी मारणारच. खालच्या दोन फुटांना अर्ध्या इंचाची जाळी, वर एक इंचाची. एक इंचातून साप सहज येतो, अर्ध्या इंचातूनही अगदी बारीक पिल्लू येऊ शकतं, पण मोठा नाग तरी अडतो. कोंबड्यांची षटकोनी जाळी स्वस्त पडते म्हणून कोणी मागेल, तर नाही म्हणायचं. कुत्र्याने दोनदा धडक दिली की ती उसवते. आणि बिबट्या येतो अशा वस्तीत साफ सांगायचं, की रात्री मांजर घरात आणि खिडकी बंद. हे अंगण बिबट्यासाठी बनवलेलं नाही.

गंमत वेल्डिंगमध्ये आहे. जस्ताचा मुलामा असलेली जाळी वेल्ड केली की जोडाजवळचा मुलामा जळतो, आणि पहिल्या पावसाळ्यात गंज बरोबर तिथूनच सुरू होतो. त्याचा धूरही वाईट, ताप भरतो. त्यामुळे फ्रेम आधी वेल्ड करून रंगवायची, आणि जाळी पट्टी-बोल्टने कसायची. रंगाचंही तसंच. मांजर सगळीकडे तोंड लावते. घरगुती रंगांत शिशाची मर्यादा ९० पीपीएम असा नियम २०१६ मध्ये आला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला, पण तो औद्योगिक रंगांना लागू नाही. रेड ऑक्साईड म्हणजे लोखंडाचा ऑक्साईड, तो चालतो. रेड लेड म्हणजे शिसं, दिसायला जवळपास तोच लाल. डब्यावरचं वाचून घ्यायचं आणि वरचा हात घरगुती ऑइल पेंटचाच द्यायचा.

आणि हो, सगळं पॅनेलमध्ये. तीन फूट रुंदीचे तुकडे, बोल्टने जोडायचे. बँकवाले, शिक्षक, वीज कंपनीवाले भाड्याच्या घरात राहतात, बदली झाली की अंगण सोडून न्यावं लागेल. इथे मॉड्युलर डिझाइनचं माझं ज्ञान अखेर कुठेतरी उपयोगी पडलं, ऑफिसात तर त्यावर फक्त मीटिंगा होतात.

हिशोब मांडतो, दर मी धरलेले आहेत, तुमच्याकडे वेगळे असतील. भिंतीला लागून सहा बाय चार, उंची साडेसहा फूट. एक इंची १६ गेजचा स्क्वेअर पाईप दार आणि मधल्या पट्ट्या धरून साधारण १०३ फूट लागतो, म्हणजे ३७ किलोच्या आसपास. ७५ रुपये किलोने २,७७५. तीन बाजू आणि छत मिळून जाळी ११५ चौरस फूट, सरासरी २० रुपयांनी २,३००. बिजागऱ्या, कड्या, फास्टनर, रॉड, रंग १,५००. फळ्या ८००. दोन माणसांची दोन दिवसांची मजुरी २,६००, टेम्पो ५००. झाले १०,४७५. विकायचं १४,५०० ला. हातात चार हजार. मजुरीही घरातच राहते, तेव्हा नगामागे साडेसहा हजार धरा. पावसाळ्याच्या चार महिन्यांत महिन्याला तीन नग गेले तरी चाकणच्या कंत्राटी पगाराशी तुलना करता येते, आणि खोलीभाडं वाचतं.

महिन्याला तीन गिऱ्हाइकं यवतमाळात मिळतील का? २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सव्वा लाखाच्या आत होती. फक्त शहरावर विसंबलं तर नाही मिळणार, असं मला वाटतं. पण पॅनेल टेम्पोत बसतात. अमरावती नव्वद किलोमीटर, नागपूर दीडशे. पहिला संपर्क जनावरांच्या डॉक्टरांकडून, कारण कुत्र्याने फाडलेली मांजर घेऊन माणूस तिथेच जातो. दुसरा, घराची ग्रिल करायला आलेला माणूस. त्याला ग्रिलच्या कोटेशनमध्येच खिडकीबाहेरचा दोन फुटी मांजरकट्टा लिहून द्यायचा.

ऑफिसात चहाला विषय काढला तर पाच मिनिटांत ॲप तयार झालं, लोगो झाला, फंडिंगची बोलणी सुरू. त्या सगळ्यांना माझा नम्र नमस्कार. याला ॲप नको, वेल्डिंग मशीन, ग्राइंडर आणि मोजपट्टी पाहिजे, आणि ती मामांकडे आहे. कर्जसुद्धा नको. पीएमईजीपीची मर्यादा २०२२ मध्ये उत्पादनासाठी ५० लाखांपर्यंत वाढवली तेव्हापासून ‘सबसिडी आहे ना’ म्हणत आधी शेड बांधणारे आणि मग गिऱ्हाईक शोधणारे आमच्याकडे खूप झाले. फुकट होणारी उद्यम नोंदणी करावी, ग्राहकाकडून निम्मे पैसे आगाऊ घ्यावेत, माल त्यातूनच आणावा. वर्षाला चाळीस नग केले तरी उलाढाल सहा लाखांच्या आत, जीएसटीच्या उंबरठ्यापासून लांब.

नमुना तयार झालाय, वर्कशॉपच्या बाहेर उभा आहे. मामांनी मांजर अजून मान्य केलेली नाही, पण जोड मात्र स्वतः घासून गुळगुळीत केलेत. रस्त्याने जाणारे थांबतात आणि कोंबड्यांसाठी केवढ्याला द्याल विचारतात, दोघांनी सशांसाठी विचारलं. मामेभावाचं म्हणणं, दादा, मग कोंबड्यांसाठीच विकू ना, मला काय त्याचं. मी त्याला म्हटलं विक, पण जाळी तीच लाव आणि दर तोच सांग. सध्या नमुना मुद्दाम पावसात ठेवलाय. पोळ्यापर्यंत कुठल्या जोडाला गंज धरतो ते बघायचं, आणि दसऱ्याला दरपत्रक छापायचं. चाकणचा निर्णय त्याने तोवर पुढे ढकललाय.