नवसागर कुणाचा?

मराठी शुद्ध करायला निघालेल्या मंडळींना आमचा एक साधा प्रश्न आहे. नवसागर हा शब्द कुणाचा?

प्रश्नाला कारण घडले. शिक्षकांच्या एका प्रशिक्षणात आम्ही आम्लाला ‘तेजाब’ म्हणालो. शेजारचे गुरुजी हसून म्हणाले, “सर, तुमची उर्दू इथे नको, मराठीत बोला.” थोड्या वेळाने त्यांनीच फळ्यावर अमोनियम क्लोराइडचे ‘अस्सल मराठी’ नाव लिहिले : नवसागर!

या शब्दात नवही नाही आणि सागरही नाही. हा फारसीतला नौशादर. अल-राझी (मृत्यू इ.स. 925 च्या सुमारास) यांनी पारा, गंधक यांच्याबरोबर त्याला ‘रूह’ म्हटले, कारण तापवला की तो उडून जातो. संस्कृत रसशास्त्रात तो नवसादर झाला आणि मराठी जिभेने त्याचा सागर केला.

आमच्या लहानपणी वसमत, कळमनुरीच्या गल्ल्यांत कल्हईवाला यायचा. भाता चालवून पातेले तापवायचा, नवसागराची पूड टाकायचा आणि पांढरा धूर उठायचा. उष्णतेने नवसागरातून अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड सुटतो. हायड्रोजन क्लोराइडने तांब्या-पितळेवरचा ऑक्साइडचा थर निघतो, मग कथील नीट बसते. कल्हई हा शब्दही अरबी ‘कलई’, म्हणजे कथील. अशा भांड्यांत कुणाकडे पुरण शिजले, कुणाकडे शीरखुर्मा. कुणाचेही भांडे बाटले नाही.

आणि अमोनिया? ते नाव प्राचीन इजिप्तच्या आमोन देवावरून आले. ते मुलांकडून पाठ करून घेताना मराठी बाटत नाही. मग तेजाबानेच का बाटावी?

पण बोट फक्त तिकडे दाखवून आम्ही सुटणार नाही. ‘रसायनशास्त्र आमच्या पूर्वजांनी दिले’ म्हणत छाती फुगवणारे आपल्यातही आहेत. त्यांच्याच घरात मराठी मात्र ‘त्यांची’ भाषा असते, आणि मूल मराठीच्या पेपरला घाबरते. जी भाषा नौशादर पोटात घेऊन वाढली, ती आपली नाही तर कुणाची?

आम्ही वर्गात फळ्यावर दोन्ही लिप्यांत दोन्ही नावे लिहितो. शुद्धीवाल्यांनी खुशाल शब्द काढावेत, सुरुवात कल्हईपासून करावी. मात्र कल्हई गेलेल्या भांड्यात ताक कळकते, हे आधी घरी विचारून घ्यावे.