गोल्फला हिरवळ, धारावीला देवनार

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्यायले. त्याच वर्षी चेंबूरला बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब निघाला आणि शेजारच्या देवनारला मुंबईचा कचरा पडू लागला.

गोल्फ मैदान सुधारायचे म्हणजे उतार आखायचे, जमिनीखाली निचऱ्याच्या नळ्या टाकायच्या, वर स्प्रिंकलर बसवायचे. जमीन आणि पाणी सांभाळण्याचे शास्त्र या शहराला चांगलेच येते. ते १८ होलच्या हिरवळीवर खर्ची पडते! देवनारचा डोंगर मात्र २०१६ साली धुमसला आणि धूर वस्त्यांनी गिळला. २०२४ मध्ये सरकारने धारावीच्या पुनर्वसनासाठी याच डम्पिंगची १२४ एकर जागा दिली.

मित्रांनो, गरिबांसाठी जागा हवी म्हटली की बोट कचऱ्याकडेच का जाते? चेंबूरच्या हिरवळीकडे का नाही?