झाडांचा राखणदार कोण?

आषाढाचा पाऊस स्थिरावला की आमच्या शहरांतून आणि गावांतून एक ठरलेला सोहळा होतो. खड्डा आधीच खणून ठेवलेला असतो, रोप कुठल्याशा रोपवाटिकेतून आलेले असते, पाहुण्यांच्या हाती झारी दिली जाते, छायाचित्र निघते आणि मंडळी चहापानास निघून जातात. १९५० साली तत्कालीन केंद्रीय मंत्री कन्हैयालाल मुनशी यांनी वनमहोत्सवाची चाल पाडली, त्यास आता पाऊणशे पावसाळे उलटून गेले. २०२४ च्या ५ जूनपासून आईच्या नावाने एक झाड लावण्याची मोहीम देशभर सुरू झाली. या उपक्रमांच्या हेतूविषयी आमची तक्रार नाही. परंतु एवढ्या वर्षांत खणलेल्या खड्ड्यांतून जर खरोखरच झाडे उभी राहिली असती, तर म्हापशाच्या बाजारात अथवा डिचोलीच्या रस्त्यावर ऐन वैशाखात माणसाला घटकाभर सावली शोधीत फिरावे लागले नसते.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. झाडाचे पुण्य रोप लावणाऱ्याला नाही, तीन उन्हाळे त्याला पाणी घालणाऱ्याला आहे. हे काम आज आपल्या समाजात जर कोणती संस्था खात्रीने करू शकत असेल, तर ती देवस्थान होय. देवस्थाने ते करीत नाहीत, आणि पुष्कळ ठिकाणी त्याच्या नेमके उलट करीत आहेत, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

गोमंतकात वर्षाकाठी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, पण त्याचा बहुतेक भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडून जातो. आषाढात लावलेले रोप आश्विनापर्यंत देवाच्या कृपेने वाढते. त्यानंतर नोव्हेंबर ते मे असे सात महिने, म्हणजे सुमारे तीस आठवडे, त्याची खरी परीक्षा असते. आमची जमीन जांभ्या दगडाची. वरचे पाणी तिच्यातून भराभर खाली उतरून जाते आणि कोवळी मुळे अजून वीतभरही खोल गेलेली नसतात. आठवड्यातून दोनदा दोन-दोन घागरी पाणी द्यावयाचे म्हटले, तर एका उन्हाळ्याच्या १२० घागरी होतात आणि तीन उन्हाळ्यांच्या ३६०. एका झाडाची खरी किंमत ती ही. रोपाची किंमत त्यापुढे नगण्य आहे, आणि वनखाते ते अल्प मोलात देतेही. जो समारंभ रोपापाशी संपतो, तो झाडाच्या किमतीतला एक पैसाही न भरता पावती मात्र फाडून घेतो.

आकड्यांच्या मोहाने काय होते, ते शेजारच्या महाराष्ट्राने पाहिले आहे. २०१७ ते २०१९ या तीन वर्षांत तेथे ५० कोटी झाडांचा संकल्प सोडला गेला. त्यांतील ३३ कोटी एकट्या २०१९ सालच्या. पुढे २०२१ साली त्यांतली किती जगली याची चौकशी करण्यासाठी आमदारांची समिती नेमावी लागली. ज्या लागवडीचा हिशेब लावण्याच्या दिवशी होतो आणि जगण्याच्या दिवशी होत नाही, तिची गत याहून वेगळी कशी व्हावी?

उलट उदाहरण पाहावयास फार दूर जावे लागत नाही. कर्नाटकात हुलिकल ते कुदूर या रस्त्यावर सालुमरद तिम्मक्का या शाळेचे तोंडही न पाहिलेल्या बाईने आपल्या पतीसह वडांची रांग उभी केली. घागरींनी पाणी वाहून नेले, गुरांपासून राखण्यासाठी काट्यांची कुंपणे घातली. २०१९ साली तिला पद्मश्री मिळाली. पण त्याच्या किती तरी आधी लोकांनी तिला जे नाव दिले, त्याचा अर्थच ‘झाडांची रांग’ असा आहे. आफ्रिकेतील केनिया देशात वंगारी माथाई यांनी १९७७ साली खेड्यांतील बायकांना हाताशी धरून वृक्षलागवडीची चळवळ काढली. त्या बायकांना जो थोडासा मोबदला मिळे, तो जगलेल्या रोपामागे. २००४ साली माथाईंना शांततेचे नोबेल पारितोषिक लाभले. या दोघी बायांनी जे ओळखले, ते आमच्या समारंभांच्या आयोजकांना अजून उमगलेले नाही.

आता देवस्थानांकडे वळू. नार्वे येथील श्रीसप्तकोटीश्वराचे उदाहरण आम्ही जाणूनबुजून घेत आहो. या देवाचे मूळ स्थान मांडवीपलीकडे दिवाडी बेटावर होते. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ते देऊळ उद्ध्वस्त केले, आणि देव नदी ओलांडून डिचोली महालात डोंगराच्या कुशीत झाडीत आला. शके १५९० मध्ये, म्हणजे इसवी सन १६६८ साली, छत्रपती शिवाजी महाराजांच्या आज्ञेने येथे देवालयाचे काम सुरू झाले, याची साक्ष देणारा शिलालेख दारावर आहे. २०२३ च्या फेब्रुवारीत त्याच देवालयाचा जीर्णोद्धार होऊन ते पुन्हा खुले झाले. ज्या राज्याने हे देऊळ उभारले, त्याच्याच परंपरेतील रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, आरमारासाठी लाकूड हवे असतानाही रयतेच्या आंब्या-फणसांना हात लावू नये, कारण ती झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत आणि लोकांनी ती लेकरांप्रमाणे वाढविलेली असतात, असा आशय सांगितला आहे. आरमाराच्या गरजेपुढेही जे झाड सुरक्षित होते, ते आज मोटारी उभ्या करण्याच्या गरजेपुढे सुरक्षित नाही!

आणि नावाचेच पाहा. सप्तकोटीश्वराच्या वरप्रसादाचा उल्लेख जे राजे आपल्या बिरुदात अभिमानाने करीत, त्या कदंबांच्या वंशाचे नाव एका झाडावरून पडले. १९८० साली स्थापन झालेल्या आमच्या परिवहन महामंडळानेही तेच नाव घेतले. कदंब ही अक्षरे मिरवीत बसगाड्या रोज पेडण्यापासून काणकोणापर्यंत धावतात. त्यांत बसणाऱ्या किती मुलांना कदंबाचे झाड दाखविता येईल?

आम्ही येथे कोणत्याही एका देवस्थानाचे नाव घेत नाही, कारण दोष एकाचा नाही. चिऱ्यांचे आणि मातीचे अंगण उखडून तेथे गुळगुळीत लाद्या अथवा पेव्हर बसविले जातात. वडाच्या, ओवळीच्या बुंध्याला सिमेंट थेट गळ्यापर्यंत येऊन भिडते. मुळांना ना पाणी ना वारा. पत्र्याच्या मंडपाला आड येते म्हणून फांदी जाते, आणि पुढच्या वर्षी फांदीमागे झाड जाते. मग पत्र्याखाली तापलेल्या भाविकांसाठी पंखे येतात, आणि पंख्यांच्या पात्यांवर देणगीदारांची नावे येतात. पूर्वी जत्रेला आलेला कोस-दोन कोस चाललेला माणूस पारावर टेकत असे. आज त्याला अंगणात अनवाणी पाऊल टेकवत नाही. याला सुशोभन म्हणतात!

ही गोष्ट केवळ उन्हाची नाही, धर्माचरणाचीही आहे. वटपौर्णिमेला शहरात वडच नसल्यामुळे कुणीतरी कुठल्यातरी वडाच्या फांद्या ओरबाडून बाजारात आणतो आणि आम्ही त्या विकत घेऊन घरी पुजतो. झाड तोडून झाडाची पूजा! चवथीच्या माटोळीला लागणारी रानफळे दरवर्षी अधिक लांबून आणि अधिक महाग येतात. बेल कुठून येतो, हे महादेवाच्या पुजाऱ्यालाच विचारावे. देवाला लागणारे झाड देवळाच्या आवारात नसावे, यापरती विसंगती कोणती?

आमच्यावर काही आक्षेप घेतले जातील. ते आताच निकालात काढू.

पहिला आक्षेप असा, की झाडाने केर होतो आणि मुळांनी देऊळ दुभंगते. केर होतो हे खरे. तो झाडावयास माणूस लागतो, आणि पाने-निर्माल्य कुजवून झाडालाच घातली तर खत विकत घ्यावे लागत नाही. शिखराच्या फटीत उगवलेले पिंपळाचे रोप हातभर असतानाच काढले पाहिजे, यातही वाद नाही. परंतु त्यावरून अंगणातील जुना वड तोडावा असे ठरत नाही. वड-पिंपळ भिंतीपासून दूर, तळीच्या काठी वा मोकळ्या जागी असावेत. देवळालगत बेल, ओवळ, चाफा, पारिजातक. आपल्या पूर्वजांस हे ठाऊक होते.

दुसरा आक्षेप: गोवा मुळातच हिरवा आहे. हिरवे दिसणे निराळे आणि हिरवे असणे निराळे. डिचोली तालुक्यातील लोखंडाच्या खाणींचे काम २०१२ च्या सप्टेंबरात थांबले. तेथील टाकाऊ मातीचे ढिगारे दुरून हिरवेगार दिसतात. जवळ जाऊन पाहिले तर पुष्कळ ठिकाणी ऑस्ट्रेलियातून आणलेल्या अकेशियाचीच रांग. निकृष्ट मातीत झटपट वाढते आणि गुरे खात नाहीत, म्हणून ती लावली. आंबा, फणस, किंदळ यांची सर तिला यावयाची नाही. पेडण्यातील मोपाच्या पठारावर विमानतळासाठी हजारो झाडे पडली. २०२३ च्या जानेवारीपासून तेथून विमाने उडत आहेत. रान असे चहूबाजूंनी मागे हटत असताना शहरांनी आणि देवळांनी आपापला वाटा उचलावयाचा नाही, तर कुणी?

तिसरा आक्षेप: हे काम नगरपालिकेचे आहे. आहेच, तिला त्यातून आम्ही मोकळी करीत नाही. १९८४ चा वृक्षरक्षणाचा कायदा आहे, आणि परवानगीवाचून झाड तोडणे हा त्याखाली गुन्हा आहे. पण कंत्राटदाराचे काम बिल मंजूर झाले की संपते, आणि नगरसेवकाची मुदत पाच वर्षांची असते. महाजनकी पिढ्यान्‌पिढ्या चालते. देवस्थानापाशी जमीन आहे, विहीर आहे, तळी आहे, रोज पहाटे येणारा माणूस आहे. १९३३ च्या देवस्थान नियमांप्रमाणे त्याला अध्यक्ष, मुखत्यार आणि खजिनदार आहेत, अंदाजपत्रक आहे आणि हिशेब देण्याची सक्ती आहे. झाड जगविण्यासाठी यांहून अधिक काय लागते? सत्तरीतील बांबरच्या निरंकाराच्या राईत रानजायफळाच्या जातीची दुर्मिळ झाडे आजवर टिकली, ती कोणत्या समारंभाने लावली म्हणून नव्हे. ती देवाची म्हणून कुणी कुऱ्हाड लावली नाही. राखण्याची विद्या आमच्यापाशी होती. ती आम्ही राईत ठेवून शहरात आलो.

म्हणून आमची महाजन मंडळींस पुढील मागणी आहे.

देवस्थानाच्या वार्षिक अंदाजपत्रकात झाडांसाठी स्वतंत्र सदर असावे, आणि त्यातील रक्कम रोपांवर नव्हे, पाण्यावर, कुंपणावर आणि मजुरीवर खर्ची पडावी. आवारातील प्रत्येक मोठ्या झाडाभोवती निदान दोन हात जागा फोडून माती मोकळी करावी. अभिषेकाचे आणि हातपाय धुण्याचे पाणी गटारात न सोडता पन्हळीने झाडांकडे न्यावे. जे मुंबई-पुण्यास अथवा परदेशी राहतात आणि जत्रेच्या वेळी देणगी पाठवितात, त्यांच्यासाठी फरशीवर नाव कोरण्याऐवजी एका झाडाच्या तीन उन्हाळ्यांचा खर्च अशी देणगी ठेवावी. आणि तिची पावती तिसऱ्या उन्हाळ्यानंतर, झाड उभे असेल तरच द्यावी. डिचोली, म्हापसा, पणजी येथील देवळांनी याखेरीज आपापल्या वाड्यातील रस्त्याची झाडे नगरपालिकेशी लेखी ठराव करून दत्तक घ्यावीत. भजनी मंडळे आहेत, तरुणांची मंडळे आहेत. चवथीची वर्गणी दारोदार फिरून गोळा करणाऱ्या पोरांना आठवड्यातून दोनदा घागर उचलणे जड नाही.

यात नवे काही नाही. पिंपळ लावून तो वाढला म्हणजे त्याची मुंज करण्याची चाल आपल्यात होती. हातभर रोपाची मुंज कुणी केल्याचे आम्ही ऐकले नाही. संस्कार होई तो जगलेल्या झाडाचा, आणि गाव जेवे ते त्याच्या आनंदाने.

गावाच्या वेशीवरच्या राखणदाराला आपण नारळ ठेवतो, आणि तो आपले रक्षण करतो यावर आपली श्रद्धा आहे. त्याचे स्थान बहुधा एखाद्या झाडाखालीच असते. ते झाड राखण्याचे काम मात्र त्याने आपल्यावर सोपविलेले आहे. देवस्थानाची पुढील वार्षिक सभा भरेल तेव्हा प्रत्येक महाजनाने उभे राहून एवढेच विचारावे: गेल्या आषाढात लावलेल्या रोपांपैकी आज किती जिवंत आहेत, आणि त्यांना फाल्गुनात पाणी कुणी घातले? उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यावे. ते लिहिण्यासारखे नसेल, तर त्या वर्षी नव्या लाद्यांचा ठराव मंजूर होऊ देऊ नये.