मुकादमाची वही आणि संगणकातली कुकी

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगाराला वही म्हणजे काय, हे समजावून सांगावे लागत नाही. हंगामाच्या तोंडावर कोयत्यामागे उचल घेतली की तिची नोंद मुकादमाच्या वहीत होते. उचल किती, ऊस किती टन तुटला, खाडे किती पडले, हे मुकादमच लिहितो आणि हिशोबाला बसल्यावर तोच वाचून दाखवतो. ज्याच्या घामाची ती नोंद, त्याला ती स्वतःच्या डोळ्यांनी पाहायला मिळेलच असे नाही. म्हणूनच सहा महिने नवरा-बायको राबूनही अनेकांच्या अंगावर 'बाकी' निघते. वही ज्याच्या हातात, सत्ता त्याच्या हातात!

याच कामगारांची पोरे आज शिकत आहेत. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर भरत आहेत, जातीचा दाखला सेवा केंद्रातून काढत आहेत, अंबाजोगाई, माजलगाव, गेवराईच्या नेट कॅफेत बसून निकाल पाहत आहेत. बाप साखर कारखान्याच्या वहीत अडकला, पोरगा इंटरनेटच्या वहीत नोंदवला जातो. फरक एवढाच की बापाला वही असल्याचे ठाऊक होते, पोराला ते ठाऊक नाही. या नव्या वहीचे टोकन पोराच्याच संगणकात पडलेले असते. त्याला कुकी म्हणतात.

१४ जानेवारी १९९४ रोजी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव मिळाले. त्याच वर्षी तिकडे अमेरिकेत नेटस्केप कंपनीच्या लू मॉन्टुली या अभियंत्याने कुकी आणली. संकेतस्थळाला मुळात स्मरणशक्ती नसते. एक पान पाहून दुसरे मागितले की त्याच्या लेखी तुम्ही नवखे. यावर तोड म्हणून संकेतस्थळ तुमच्या ब्राउझरला एक छोटी चिठ्ठी देते. ब्राउझर ती जपून ठेवतो आणि पुढच्या प्रत्येक खेपेला दाखवतो. कारखान्याच्या गेटवर बैलगाडीला नंबराचे टोकन मिळते, तसेच हे. तेव्हा कुकी म्हणजे व्हायरस नव्हे. ती नसती तर लॉगिन करून अर्जाचे दुसरे पानही भरता आले नसते.

मग आमचा आक्षेप कशाला? आक्षेप दोन आहेत.

पहिला, दहा जण वापरतात त्या संगणकाचा. कुकीत बहुधा पासवर्ड नसतो, पण 'हा माणूस आत आलेला आहे' असा पास असतो. काम झाल्यावर तुम्ही लॉगआउट न करता उठलात, तर तो पास तिथेच राहतो. बँका थोड्या वेळात दार लावून घेतात, ई-मेलचे दार मात्र दिवसेंदिवस उघडे राहू शकते. ई-मेल हातात आला की त्यावरून बाकीच्या खात्यांचे पासवर्ड बदलता येतात. शिष्यवृत्तीच्या पैशावर ज्याचे वर्षाचे शिक्षण उभे आहे, त्याला ही निष्काळजी परवडणारी नाही.

दुसरा आक्षेप परक्या कुकीचा. तुम्ही एका संकेतस्थळावर जाता, पण त्या पानावर जाहिरात कंपनीचा तुकडा असतो आणि तीही आपली चिठ्ठी ठेवून जाते. तिचाच तुकडा दुसऱ्या, तिसऱ्या पानावर असला की तुम्ही कुठून कुठे गेलात याची साखळी तिच्याकडे तयार होते. काय वाचता, कोणत्या योजनेचा अर्ज शोधता, कोणत्या जयंतीची गाणी ऐकता, यावरून माणूस कोण आहे याचा अंदाज बांधता येतो. ज्या देशात आडनाव विचारून जात काढली जाते, त्या देशात न विचारताच अंदाज बांधणारी यंत्रणा आपल्याला साधी गोष्ट वाटावी काय?

म्हणून आम्ही म्हणतो, आधी बघायला शिका. संगणकावर क्रोम असेल तर सेटिंग्जमध्ये 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी' उघडा. तेथे थर्ड-पार्टी कुकीजच्या पानावर सर्व साइट्सचा डेटा पाहण्याची ओळ आहे. ती दाबली की कोणकोणत्या संकेतस्थळांनी तुमच्याकडे काय साठवले याची यादी समोर येते. फायरफॉक्समध्ये त्याच नावाच्या विभागात 'कुकीज अँड साइट डेटा'खाली 'मॅनेज डेटा' आहे. एकेक कुकी तपासायची असेल तर एफ-१२ ची कळ दाबा. क्रोममध्ये 'अॅप्लिकेशन' आणि फायरफॉक्समध्ये 'स्टोरेज' या भागात कुकीचे नाव, ती कोणाची आणि तिची मुदत कधी संपते, हे रकान्यांत दिसते. जे नाव तुम्ही कधी उघडलेच नाही, ते यादीत कसे आले हा प्रश्न तिथेच विचारा. परक्या कुकी बंद करण्याची सोयही याच सेटिंग्जमध्ये आहे. दुसऱ्याच्या संगणकावर इन्कॉग्निटो खिडकी वापरा आणि उठताना अशा सगळ्या खिडक्या बंद करा. एफ-१२ उघडून तिथला मजकूर पाठवा, असे कोणी फोनवर सांगितले तर तो माणूस तुमचा पास मागत आहे, हे ओळखा.

परंतु एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. कुकी पुसली म्हणजे वही पुसली गेली असे नाही. तुमच्याकडे फक्त टोकन असते, वही कंपनीच्या संगणकात असते. आपण कोणाकोणाच्या वहीत आहोत हे टोकनावरून कळते, त्या वहीत काय लिहिले आहे ते कळत नाही. तेथे हक्काची लढाई सुरू होते. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितले की खासगीपणा हा संविधानाच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग आहे. २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला. ज्या कंपनीला आपण संमती दिली, तिच्याकडे आपल्या माहितीचा गोषवारा मागण्याचा हक्क त्यात आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, पण बहुतांश जबाबदाऱ्यांसाठी कंपन्यांना अठरा महिन्यांची मुदत दिली गेली. मुदत त्यांना मिळाली आहे. आपण तोवर हात बांधून बसायचे काय?

मराठवाड्याच्या गायरान लढ्याने आपल्याला हा धडा आधीच दिला आहे. १४ एप्रिल १९९० पूर्वीचा ताबा कागदावर सिद्ध झाला तरच अतिक्रमण नियमित व्हायचे होते. पिढ्यान्‌पिढ्या जमीन कसली, एवढे सांगून भागत नव्हते. भूमिहीनांना दप्तरासमोर उभे राहून 'आमची नोंद दाखवा' म्हणावे लागले. जो नोंद पाहायला शिकला, तोच ती मागायला आणि दुरुस्त करून घ्यायला शिकला.

तेव्हा प्रत्येक वसतिगृहात, प्रत्येक विहाराच्या वाचनालयात महिन्यातला एक तास यासाठी काढा. एक संगणक आणि दहा पोरे-पोरी पुरेत. ज्याला येते त्याने ज्याला येत नाही त्याला दाखवावे. अर्ज भरून देणाऱ्या केंद्रचालकालाही विचारा, आमचे खाते बंद केले का, दाखवा! हे विचारायला पदवी लागत नाही. आमच्या बापजाद्यांना वही दाखवली गेली नाही. आमच्या लेकरांनी ती स्वतःच्या हाताने उघडून पाहावी.