साड्या जुन्या, पण गोष्ट खरी का?

मैत्रिणींनो, जुन्या गुन्ह्यांवरच्या मालिका आता घरोघरी बघतात. ‘मानवत मर्डर्स’ (2024) सारखी मालिका आली की त्या काळातल्या साड्या, गाड्या बघून आपण म्हणतो, ‘अगदी खरं दाखवलंय!’ पण कपडे बरोबर म्हणजे इतिहास बरोबर, असं नसतं.

आपल्या रायगडचंच बघा ना. फेब्रुवारी 1993मध्ये श्रीवर्धन तालुक्यात शेखाडीच्या किनाऱ्यावर स्फोटकं उतरली. 12 मार्चला मुंबईत 257 जीव गेले. त्यावरचा ‘ब्लॅक फ्रायडे’ सिनेमा 2004मध्ये तयार होता, पण खटल्यावर परिणाम नको म्हणून कोर्टाने थांबवला. 2006मध्ये निकाल लागला, 2007मध्ये सिनेमा. निकालात 123 आरोपींपैकी 100 दोषी ठरले, 23 सुटले. दोषींत कस्टमवाले होते, पोलीसही होते.

कोर्टाने एकेकाचा हिशेब वेगळा केला. पडद्यावर तेवढी सवड नसते. लक्षात राहतं ते गावाचं नाव, आणि डाग लागतो सगळ्यांनाच. तिथल्या लेकी-सुनांचा यात काय दोष?

म्हणून मुलांनी ‘हे असंच झालं होतं का गं?’ असं विचारलं, तर लगेच ‘हो’ म्हणू नका. ‘निकाल काय लागला, ते आधी बघू’ एवढं तरी म्हणा.