पिल्लू घरी आणण्याआधी पाच अतिचार आठवा



आमच्या महिला मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर उन्हाळ्यात एक मेसेज ठरलेला असतो. ‘पाच महिन्यांचं पिल्लू आहे, खूप गोड आहे, सगळी इंजेक्शनं झाली आहेत, चांगल्या घरी द्यायचं आहे.’ सोबत फोटो. फोटोत पिल्लाच्या गळ्यात लाल पट्टा आणि शेजारी एक मूल, बहुतेक वेळा हसत नसलेलं. कारणंही ठरलेली असतात. शिखरजीच्या यात्रेची तिकिटं निघालीत, सासूबाईंना चालत नाही, मुलीचे क्लासेस सुरू होताहेत, किंवा नुसतंच ‘जमत नाहीये गं’. मागे हिशेब केला की कळतं, ते पिल्लू फेब्रुवारीत कुणाच्या तरी वाढदिवसाला आलेलं असतं. हौसेनं, रिबीन बांधून.

मी कुणाला नावं ठेवायला हे लिहीत नाही. आधी माझीच चूक सांगते.

माझा मुलगा पाच वर्षांचा असताना त्याच्या हट्टापायी आम्ही लव्हबर्डची जोडी आणली. एक हिरवा, एक पिवळा. घरात टांगलं की दाण्याची टरफलं सगळीकडे उडतात म्हणून पिंजरा गॅलरीत टांगला, पश्चिमेच्या. दाणापाणी मुलानं द्यायचं असं ठरलं, म्हणजे त्याला जबाबदारी कळेल. पहिला महिना त्यानं अगदी नेमानं दिलं. मे महिन्यात एका लग्नाला आम्ही सकाळी निघालो ते संध्याकाळी परतलो. निघताना घाईत मी विचारलं, ‘पाणी ठेवलंस ना?’ तो ‘हो’ म्हणाला. बूट घालत असताना पाच वर्षांचं मूल कशालाही ‘हो’ म्हणतं. आलो तेव्हा वाटी कोरडी होती आणि गॅलरीची भिंत हाताला चटका देत होती. पिवळा पक्षी पिंजऱ्याच्या तळाशी पडला होता. हिरवा तीन दिवसांनी गेला. मुलगा विचारत राहिला, ‘आई, माझ्यामुळे मेला का?’ मी ‘नाही रे’ म्हटलं आणि ते खरंच होतं. वाटीत डोकावून बघायचं काम माझं होतं.

अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार मी लहानपणी पाठशाळेत पाठ केले होते. बंध, वध, छेद, अतिभारारोपण, अन्नपाननिरोध. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात ते येतात. दशलक्षणात रोज एक अध्याय वाचतो, त्यामुळे सातव्या दिवशी, उत्तम तपाच्या दिवशी, दरवर्षी कानावर पडतात. मला कायम वाटायचं की हे बैलगाडीवाल्यांसाठी, शेतकऱ्यांसाठी सांगितलंय. आपण कुठे जनावरं बांधतो? त्या संध्याकाळी पहिल्यांदा कळलं की बांधणं, मारणं, कापणं, जास्त भार घालणं, अन्नपाणी अडवणं हे पाचही दोष मुख्यतः आपल्या आश्रयाला असलेल्या जिवाबद्दल आहेत. जंगलातल्या हरणाचं पाणी मी अडवू शकत नाही. पिंजऱ्यातल्या पक्ष्याचं, साखळीतल्या कुत्र्याचं अडवू शकते, आणि तेही नुसतं विसरून.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. प्राणी ही मुलाला द्यायची भेटवस्तू नाही. तो घरातल्या मोठ्या माणसानं घ्यायचा नेम आहे, आणि बहुतेक घरांत तो मोठा माणूस म्हणजे आईच असते. आईची तयारी असेल तरच आणावा. ‘मुलगा सगळं करेल’ या भरवशावर आणू नये, कारण तो करणार नाही आणि त्यात त्याचा दोषही नाही. पाच-सहा वर्षांचं मूल वाटीत पाणी ओतू शकतं, पण रोज ओतलं गेलं की नाही हे लक्षात ठेवू शकत नाही. दहा-बारा वर्षांचं मूल ब्रश करेल, फिरायला सोबत येईल. डॉक्टरांची तारीख, जंताचं औषध, यात्रेला गेल्यावर कोण बघणार, हे तरीही तुमच्याकडेच राहणार. कुत्रा दहा-बारा वर्षं जगतो. आज पहिलीत असलेला मुलगा बारावी होऊन पुण्याला जाईल तेव्हा म्हातारा झालेला कुत्रा तुमच्या पायाशी असेल. सहा वर्षांच्या मुलावर एका जिवाची पूर्ण जबाबदारी टाकणं हेसुद्धा मला अतिभारारोपणच वाटतं, मुलावर केलेलं.

आता आपल्या घरांतला खरा अडचणीचा विषय, ज्यावर कुणी उघड बोलत नाही. खायला काय घालणार?

कुत्र्याचं एक वेळ जमतं. त्याचं शरीर मिश्र आहारावर चालतं, आणि डॉक्टरांना विचारून नीट बेतलेल्या शाकाहारी जेवणावर तो निरोगी राहू शकतो. पण नीट बेतलेल्या. आपल्याकडे पिल्लाला दूध-पोळी घालतात आणि ‘आमचा कुत्रा पण जैन आहे हो’ असं कौतुकानं सांगतात. नुसत्या दूध-पोळीत वाढत्या पिल्लाला पुरेशी प्रथिनं आणि कॅल्शियम मिळत नाही, मग पाय वाकडे होतात. कांदा-लसूण कुत्र्याला विषारी असतो, ती भीती आपल्या स्वयंपाकघरात आपोआप टळते. मनुका, द्राक्षं आणि चॉकलेट मात्र आपल्या घरात भरपूर असतं आणि मुलं लाडानं तेच भरवतात. हे तिन्ही कुत्र्याला बाधतात.

मांजरीचं तसं नाही. मांजर निसर्गानंच मांसाहारी आहे. टॉरिन नावाचा एक घटक तिला अन्नातून मिळावाच लागतो आणि तो मांस-मासळीत असतो. तो मिळाला नाही तर हळूहळू तिची नजर जाते, हृदय कमकुवत होतं. म्हणजे जैन घरात मांजर आणली की दोनच वाटा. एक तर घरात मांसाचं अन्न येणार, नाहीतर ती उपाशी नसूनही उपासमारीनं मरणार. दुसरी वाट सरळ अन्नपाननिरोध आहे. आपल्या जुन्या आचार्यांनी याचा विचार केलेला आहे. कार्तिकेयानुप्रेक्षेत अनर्थदंडाच्या विवेचनात मांजरासारखे हिंस्र प्राणी पाळणं नको म्हटलंय. हेमचंद्राचार्यांच्या योगशास्त्रात श्रावकानं टाळायच्या पोषणात मांजर, कुत्रा, पोपट, मैना यांची नावंच दिलेली आहेत. पूर्वी मला हे कठोर वाटायचं. आता त्यात मला त्या प्राण्याची काळजीही दिसते. मुलीला मांजरीचं पिल्लू हवंय आणि घरात मांसाचा कण येऊ द्यायचा नाही, तर मुलीला नाही म्हणा. तिची समजूत दोन दिवसांत पटेल.

‘मग ससा चालेल, तो तर शाकाहारी आहे,’ हे मी निदान दहा जणींकडून ऐकलंय. ससा शाकाहारी आहे हे खरं. पण तो उन्हाळ्यात नागपुरात राहतो कसा, हे कुणी बघितलंय का? सशाला घाम येत नाही, कुत्र्यासारखं धापा टाकून अंग थंड करणंही त्याला जमत नाही. तिशीच्या वर पारा गेला की त्याला त्रास सुरू होतो. आपल्याकडे मे २०१३ मध्ये पारा ४७.९ पर्यंत गेला होता. नवतपाचं तर विचारूच नका. दिवसभर कूलरच्या खोलीत ठेवणार असाल तरच ससा आणा. त्याचे दात जन्मभर वाढत असतात, ते झिजायला सुकं गवत सतत लागतं. लहान मुलानं चुकीचा उचलला आणि त्यानं झटका दिला तर पाठीचा कणा मोडतो. आणि अष्टमी-चतुर्दशीला ज्या घरात हिरवी भाजी चिरत नाहीत, तिथे सशाचा पाला कोण खुडणार, तेही आधी ठरवून घ्या!

पोपटाबद्दल लिहिताना मला जरा राग येतो. ‘जय जिनेंद्र’ म्हणणारा मिठू आपल्या कितीतरी घरांत आहे आणि पाहुण्यांना तो दाखवला जातो. आपला हिरवा पोपट १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे. त्याला पकडणं, विकणं, घरात ठेवणं गुन्हा आहे. पाठीवर चांदण्यांची नक्षी असलेलं ते छोटं कासव, जे मुनिसुव्रतनाथांचं लांछन म्हणून लोक हौसेनं आणतात, तेही संरक्षितच. ‘पंख छाटलेत, उडणार नाही’ असं विकणारा सांगतो. छेद म्हणजे आणखी काय असतं? पर्युषणात आपल्याच मुलांनी नेमी-राजुलची नाटिका बसवायची, कोंडलेल्या पशूंचा आक्रोश ऐकून रथ परत फिरवायचा, आपण डोळे पुसायचे आणि घरी येऊन मिठूच्या पिंजऱ्यावर कापड टाकून झोपायचं.

पण आता एकदम दार उघडून सोडूनही देऊ नका. पिंजऱ्यात वाढलेल्या पोपटाला अन्न शोधता येत नाही, कावळे टोचून मारतात. सेमिनरी हिल्सला वनविभागाचं वन्यप्राण्यांचं उपचार केंद्र आहे, ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर. तिथे विचारून पक्षी सोपवा. आणखी एक सांगते, सणावाराला विकत घेऊन पक्षी सोडण्याची जी जीवदया आहे तीसुद्धा थांबवायला हवी. आपण दहा पक्ष्यांचे पैसे दिले की पकडणारा पुढच्या वेळी वीस पकडून आणतो.

कुत्रा आणायचं ठरलंच असेल तर विकत घेऊ नका, एवढी माझी विनंती आहे. बर्फातल्या जातीचे झुपकेदार कुत्रे नागपूरच्या उन्हात तडफडतात. गल्लीतलं गावठी पिल्लू इथल्या हवेला सरावलेलं असतं. दोन महिन्यांचं होईपर्यंत त्याला आईपासून तोडू नका. पिल्लं दिवसातला बराच वेळ झोपतात, मुलं त्यांना झोपू देत नाहीत. झोपलेल्या, खाणाऱ्या कुत्र्याला हात लावायचा नाही आणि मोठं माणूस नसताना त्याच्याशी खेळायचं नाही, हे दोन नियम पहिल्या दिवसापासून पाळा. मूल कान ओढतं, शेपटीला लटकतं, एक दिवस कुत्रा दात लावतो आणि मग मार कुत्र्याला बसतो. हाच वध. उन्हाळ्यात डांबरी रस्त्यावर त्याला फिरवण्याआधी स्वतःचा तळहात रस्त्यावर टेकवून बघा.

आणि चावलं तर मुलं लपवतात, कारण त्यांना वाटतं कुत्रा घरातून जाईल. त्यांना आधीच सांगून ठेवा की ओरखडा आला तरी येऊन सांगायचं, कुणी रागावणार नाही. जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं निदान १५ मिनिटं धुवायची. हळद, तिखट, चुना काही लावायचं नाही. लगेच दवाखान्यात जाऊन लस घ्यायची. रेबीजची लक्षणं दिसू लागली की जवळजवळ कुणी वाचत नाही. घरच्या कुत्र्यालाही दरवर्षी लस द्यायची आणि महापालिकेचा परवानाही काढायचा.

गोचीड आणि जंताचं काय, असा प्रश्न मला एका ताईनं विचारला होता. औषधानं जीव मरतात, मग ते पाप नाही का? मी काही पंडित नाही. माझ्या समजुतीप्रमाणे श्रावक संकल्पी हिंसा सोडतो, संसारातली आरंभी हिंसा त्याला पूर्ण टळत नाही, त्यानं ती कमीत कमी करायची असते. औषध न दिल्यानं कुत्रा पोखरला जाईल, लहान मुलांच्या पोटातही ते जंत जाऊ शकतात. ज्यांच्या मनाला हे पटत नाही त्यांनी कुत्रा आणूच नये, यात काही कमीपणा नाही. मुनीमहाराजांसाठी वारंवार चौका लावणाऱ्या, शोधाचं जेवण करणाऱ्या घरांनीही आधी विचार करावा. आणून मग चातुर्मासात त्याला गच्चीवर बांधून ठेवणं हा बंध झाला.

न आणताही मुलांना पुष्कळ शिकवता येतं. ऑक्टोबर २०२२ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं म्हटलं होतं की मोकाट कुत्र्यांना खायला घालायचं असेल तर त्यांना रीतसर दत्तक घेऊन घरी न्या. नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानं दत्तकाच्या त्या अटीला स्थगिती दिली. तेव्हा मंडळात बरीच वादावादी झाली. मला ती अट अशक्य वाटली होती, पण तिच्यातला प्रश्न टोचला. पोळी टाकून आपण घरात जातो. त्या कुत्रीला पिल्लं होतात, ती गाडीखाली जातात, त्याचं काय? तेव्हापासून आमच्या गल्लीतल्या चार बायकांनी मिळून दोन कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण करून घेतलं. मुलं सोबत आली होती. माझा मुलगा आता तेरा वर्षांचा आहे. उन्हाळ्यात गच्चीवरची पाण्याची मातीची पसरट भांडी तोच घासतो. मी रोज वर जाऊन बघते.

ज्यांच्याकडे प्राणी आहे आणि खरंच जमत नाहीये, त्यांनी त्याला अंबाझरीला किंवा दूरच्या एखाद्या ढाब्यापाशी सोडून येऊ नये. १९६०च्या कायद्यानुसार उपाशी-तहानेला मरेल अशा स्थितीत प्राण्याला सोडून देणं ही क्रूरताच आहे. ग्रुपवर मेसेज टाका, मी नाक मुरडणार नाही. घर मिळेपर्यंत त्याला ठेवून घ्या, आणि देताना मुलाला सोबत न्या. त्याला खोटं सांगू नका की तो शेतावर राहायला गेलाय.

यावर्षीच्या मेसेजमधलं पिल्लू तपकिरी आहे, एक कान पडलेला. चौकशीला तिघींचे फोन आले, असं त्या ताईंनी सांगितलं. तिघींनीही पहिला प्रश्न विचारला, ‘शी-सू कुठे करतो?’ एकीनं दुसरा प्रश्नही विचारला की तो काय खातो आणि आम्ही दिवाळीत गावाला गेलो तर आठ दिवस तुम्ही ठेवाल का. मी त्या ताईंना म्हटलं, हिलाच द्या.